बाबांची शेवटची स्ट्रिप

दादा,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण किळस आली.

हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणारी ती गोळी कंपनीने बनवायचीच बंद केली, तेव्हा मी आधी तुलाच फोन केला. बाबांसारखंच तुझंही हृदय अडखळणारं. "कुठेच मिळत नाही गं, माझ्याही संपल्या," म्हणालास.

रविवारी तू दौऱ्यावरून परस्पर घरी आलास. बाबांनी उशीखालची शेवटची स्ट्रिप तुझ्या हातात ठेवली. "माझं जगून झालंय, तू घे." तू एकदाच 'नको' म्हणालास. मग त्यांच्यासमोर एक गोळी गिळलीस आणि उरलेल्या खिशात घातल्यास.

नंतर चार्जरसाठी मला तुझ्या बॅगेकडे पाठवलंस. कपड्यांखाली त्याच गोळ्यांचे खोके होते, सीलसुद्धा न तोडलेले. दोन खोके मी उचलले. म्हण चोर.

निघताना बाबांनी तुझं मनगट धरलं. नाडी बघितल्याशिवाय ते कुणाला घराबाहेर सोडतात का? "ठोके कसे घड्याळासारखे पडतायत! लागू पडली माझी गोळी." तू मान डोलावलीस. निर्लज्जा!

तेव्हापासून तुझा फोन नाही. विचारणार तरी काय, बॅगेतले दोन खोके कुठे गेले म्हणून? हे पत्रही मी टाकणार नाही. बाबांना कळलं, तर त्यांना कुठलीच गोळी सावरू शकणार नाही. एका दुकानात जुना साठा सापडला, एवढंच त्यांना सांगितलंय.

ऐकून ते ताडकन उठून बसले. "अगं, मग बघत काय बसलीस? आधी एक खोका त्याला पाठव."

तुझी बहीण
(तेवढं बंद करता येत नाही)