बेडूक, गुडघे आणि चौथा मजला

पासली, २० जून २०२५

चि. गेनबास सगुणाअक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलले तर घरभर कान असतात, म्हणून हे पत्र टेम्पोवाल्या माऊलीजवळ देते आहे. तुझा भाचा तुझ्याकडे का पळून आला, ते तो सांगणार नाही. तालमीत भल्याभल्यांना लोळवणारा माझा गोरख बेडकाला भितो! पावसाळा लागला की त्याची कंबर धरायची. त्याचे वडील चिखलात उतरायचे, म्हणून इतकी वर्षं झाकलं गेलं. यंदा त्यांचं ऑपरेशन झालं आणि बिंग फुटलं.

काल भाताच्या खाचरात धनाजी भावजींनी काट्यानं काटा काढायचा म्हणून सगळ्यांदेखत त्याच्या सदऱ्यात बेडूक सोडला. दोन बायकांना चिखलात पाडून गोरख जो सुटला, तो थेट रस्त्यावर. आता बायका आमच्या दारावरून जाताना डराव डराव करतात.

इर्जिकीची, एकमेकांच्या शेतात राबायची, रीत तुला ठाऊक आहे. आपला गडी त्यांच्या खाचरात उतरला, तरच त्यांची माणसं आपल्या खाचरात येतात. गोरख उतरला नाही तर यंदा आपली खाचरं रिकामी राहतील. त्याचे कान उपट आणि पाठवून दे.

तुझी संतापलेली,
अक्का

भोर, २४ जून

ती. अक्कास गेनबाचा सा. न. वि. वि.

कान उपटले नाहीत. त्याला मनाच्या डॉक्टर माधुरीताईंकडे नेलं. त्या हसल्या नाहीत, तेवढ्यानंच गोरखला रडू फुटलं. मला फार वाईट वाटलं.

त्या म्हणाल्या, याला फोबिया म्हणतात. बेडूक काही करत नाही हे त्यालाही कळतं, पण छाती ऐकत नाही. पळालं की मनाला वाटतं, पळालो म्हणून वाचलो, आणि भीती आणखी मुरते. आधी बेडकाचं चित्र बघायचं, मग मोबाईलवर आवाज ऐकायचा, मग बरणीतला बेडूक, मग मोकळा. दर वेळी धडधड ओसरेपर्यंत थांबायचं, आणि तो स्वतः हो म्हणेल तेव्हाच पुढे जायचं. धनाजीरावांचा उपाय म्हणजे पोहता न येणाऱ्याला धरणात ढकलणं. त्यांना म्हणावं, पुढचा उपचार स्वतःच्या तोंडावर करा.

आपला,
गेनबा

पासली, ३० जून

चि. गेनबास आशीर्वाद.

वा रे डॉक्टरीण! आमच्या सासूबाईंनी बेडकाचे फोटो बघून लावणी केली नव्हती. भीतीबिती ही पोट भरलेल्यांची थेरं. मी जन्मात कशाला भ्याले आहे का? रोप उपटायला आलं आहे, त्याला थांबायला सांगू की काय?

अक्का

भोर, ५ जुलै

ती. अक्कास दंडवत.

तू कशालाच भीत नाहीस हे वाचून तुझी भावजय हसून हसून बेजार झाली. आमच्या घराच्या वास्तुशांतीला तू खाली वॉचमनच्या खुर्चीवर बसून जेवलीस. चौथा मजला गुडघ्यांना झेपत नाही म्हणालीस. लिफ्ट आहे म्हटल्यावर तुझा चेहरा मी पाहिला होता. तेच गुडघे तोरणा गडावर मेंगाईदेवीला जाताना बरे पळतात! लिफ्टला घाबरतेस, आणि जिना चढलीस तर गुडघ्यांचं सोंग उघडं पडतं. म्हणून पाच वर्षं भावाच्या घराचा उंबरा पाहिला नाहीस. गोरखची कंबर कुणावर गेली, ते आता कळलं.

तो रोज बरणी समोर ठेवून जेवतो. आतल्या बेडकाचं नाव त्यानं धनाजी ठेवलंय. पुढल्या आठवड्यात येईल. त्याला हसू नकोस.

गेनबा

पासली, १९ जुलै

चि. गेनबास आशीर्वाद.

गुडघ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही.

परवा इर्जिक फुलाबाईच्या खाचरात होती. गोरख बांधावर पांढराफटक होऊन उभा राहिला. बायकांनी डराव सुरू केलं, तेव्हा मी अशी ओरडले की धनाजी भावजींच्या हातची रोपांची मूठ पडली. मग तो आपणहून उतरला. एक बेडूक त्याच्या पायावरून गेला. पोरगं थरथरलं, पण पळालं नाही. थोड्या वेळानं खाली वाकून त्यानं ओळ धरली. मला रडू आवरेना. उद्या सगळी माणसं आपल्या खाचरात येणार आहेत.

अक्का

भोर, तुझ्याच इमारतीच्या तळाशी, २७ जुलै

चि. गेनबास आशीर्वाद.

लावणी उरकली. गोरख म्हणाला, आई, आता तुझी पाळी. वॉचमनच्या खुर्चीवर बसून लिहिते आहे. मघाशी लिफ्टच्या उघड्या दारात उभी राहिले. धडधड ओसरेपर्यंत हलले नाही. मग एक पाय आत ठेवला आणि काढून घेतला.

हसू नकोस. आज गोरखबरोबर ही चिठ्ठी लिफ्टनं वर पाठवते आहे. उद्या चपला पाठवीन. परवा त्या घालायला मला वर यावंच लागेल. तोवर चहा खाली पाठव, आणि माया आहे तशीच ठेव.

तुझी,
अक्का