माझ्या परसातले रूळ

मी, कारभारी पुंजाराम दोंदे, वय एकाहत्तर, मोठ्या रेल्वेतला सेवानिवृत्त गँगमुकादम, राहणार सातपूरच्या पलीकडे, जुन्या खाणीजवळ, नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जुनी रेल्वे जतन मंडळातल्या कोणाजवळ असा दाखला असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

माझ्यावर दडपण आले नाही असे मात्र लिहिता येत नाही. माझे छातीचे दुखणे वाढल्याचे कळताच मंडळाचे अध्यक्ष श्री. निवृत्ती कुलथे गुरुजी टाइप केलेले तयार मृत्युपत्रच घेऊन आले. हे गृहस्थ नावाने निवृत्ती, शाळेतून निवृत्त, पण अध्यक्षपदावरून निवृत्त व्हायचे नाव नाही. माझ्या घरामागच्या सव्वा गुंठ्याच्या पट्टीतून मंडळाच्या छोट्या गाडीचे रूळ जातात. ती पट्टी मी मंडळाला द्यावी असे त्या कागदात होते. पट्टी मंडळाच्या हातून गेली तर गाडी कायमची बंद, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. मी त्यांना चहा दिला आणि त्यांच्या कागदावर बशी ठेवली.

कलम १. राहते घर मुलगा गोरक्ष याला. तो कल्याणला असतो आणि इकडे येणार नाही. त्याने घर खुशाल विकावे. बाबांची आठवण म्हणून कुलूप लावून उंदरांना देऊ नये. बँकेतली शिल्लक व तिच्या आईचे दागिने सटाण्याची मुलगी शकुबाई हिला. जावयाने यात लक्ष घालू नये. लग्नात मानपानावरून तो कसा रुसला होता ते मी विसरलेलो नाही.

कलम २. पट्टी माझी कशी झाली ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी इतिहास रचायला नको. खाण बंद पडल्यावर मालकाने प्लॉट पाडून विकले. खाणीतला दगड वाहणाऱ्या छोट्या गाडीचे रूळ तसेच पडून होते, त्यामुळे हा प्लॉट कोणी घेत नव्हते. मी त्या रुळांसाठीच घेतला. माझी बायको चिमणाबाई म्हणाली, "जन्मभर रूळच पाहिले, आता घरात पण आणता का?" पुढे त्याच रुळांवर ती कुरडयांची परात ठेवू लागली. १९७९ साली मंडळ निघाले आणि गुरुजींनी दगडाच्या गाडीला 'ऐतिहासिक वारसा' असे नाव दिले. सव्वा मैलाच्या त्या रुळांवर रविवारी माणसे बसवून गाडी फिरवायची ठरली. ती माझ्या परसातून जाऊ द्यायला मी तोंडी होकार दिला आणि देखभालही पत्करली. ही माझी चूक. रूळ दिसले की माझे हात शिवशिवतात.

कलम ३. घण, दोन्ही पहारी, पाने आणि दोन रुळांमधले अंतर मोजायचे गेज निसार महेबूब मणियार याला. खडी ठोकून बसवायचे बीटर मंडळाला. त्याचे कोणते टोक खाली धरायचे ते निसार सांगेल. रंगाचे ब्रश मंडळाकडे भरपूर आहेत. रविवारी पांढऱ्या टोप्या घालून येणारे हे स्वयंसेवक ढिले खिळे तसेच सोडतात आणि खडीला चुना फासत बसतात. पेपरात त्यांचा फोटो आला, त्यात एक पहार आठ जणांनी धरली होती. मी चौतीस वर्षे ती एकट्याने धरली, त्याला काम म्हणत. हे दोन तास धरतात, त्याला श्रमदान म्हणतात आणि वर हार घालतात.

निसार तेवढा वेगळा. तो सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. पहिल्याच रविवारी त्याने विचारले, "मुकादमचाचा, रूळ ढिला आहे हे आवाजावरून कळतं का?" मंडळात आजवर विचारला गेलेला हा एकच शहाणा प्रश्न. गाडीचे इंजिनही तोच चालवतो.

कलम ४. ही हकीकत मृत्युपत्रात नको असे वकील म्हणाले. मृत्युपत्र माझे आहे.

१९८६ च्या जानेवारीत मी दहा दिवस सटाण्याला शकूकडे गेलो होतो. तेवढ्यात मंडळाने एका पाहुण्यांना सपत्नीक गाडीत बसवले. गाडी रुळांच्या जोडांवर खडखडली आणि बाईंच्या साडीवर चहा सांडला. गुरुजींनी तातडीची सभा घेऊन ठराव केला की जोडातल्या फटी बंद कराव्यात. स्वयंसेवकांनी पहारी लावून रूळ एकमेकांना भिडवले आणि शेवटी उरलेल्या जागेत तुकडा बसवला. सहा वर्षांत त्यांनी मनापासून केलेले हे पहिले काम.

रुळांच्या जोडात फट का ठेवतात, हा प्रश्न गुरुजींनी शाळेत तीस वर्षे विचारला. दोन गुणांचा. उन्हात लोखंड प्रसरण पावते, हे उत्तर न लिहिणाऱ्या पोरांच्या हातांवर त्यांनी पट्ट्या मारल्या. निसार त्यांचाच विद्यार्थी, त्याला दोन्ही गुण मिळाले होते.

परत आल्यावर मी म्हणालो, "गुरुजी, हा रूळ वैशाखात वाकून उठेल."

"मुकादम, ठराव सर्वानुमते झाला आहे."

"रुळाला ठराव कळत नाही."

"तुम्ही प्रत्येक गोष्टीत मोडता घालता," असे म्हणून त्यांनी काम स्नेहसंमेलनानंतर बघू असे सांगितले. फटी परत पाडायला मी चार माणसे मागत होतो. फेब्रुवारीत मागितली, मार्चमध्ये मागितली. एकट्याने ते काम होत नाही, नाहीतर या लोकांच्या दारात गेलो नसतो.

अक्षय्यतृतीयेला खास फेरी ठरली. सकाळपासून ऊन मी म्हणत होते. माझ्या परसातला रूळ कुशीवर वळायला लागलेला मी पाहिला आणि वळणाआधी लाल झेंडी रोवली. ती फोटोत बरी दिसत नाही म्हणून एका स्वयंसेवकाने उपटली आणि गुंडाळून माझ्याच ओट्यावर आणून ठेवली. मी ती घेऊन पुन्हा वळणाकडे धावलो तोवर गाडी आली होती. निसारने ब्रेक दाबला, डब्यातली माणसे वाचली, इंजिन कलंडले. त्याच्या डाव्या पायाची तीन बोटे गेली. लेथवर आठ तास उभे राहायचे काम गेले. आता तो त्याच वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये बसून नटबोल्ट मोजतो.

मंडळाच्या इतिवृत्तात गुरुजींच्या सुंदर अक्षरात लिहिले आहे, 'मुकादमांच्या देखभालीतील हलगर्जीपणामुळे अपघात घडला.' चौतीस वर्षांत माझ्या टप्प्यावर एक डबा घसरला नव्हता. ही ओळ मला जिव्हारी लागली आहे, मी ते लपवत नाही. त्या सभेत निसार कुबडीवर उभा राहून म्हणाला, "चाचांनी झेंडी लावली होती. सकाळी लाइन बघायला आलो तेव्हा मी पाहिली. नंतर दिसली नाही, मला वाटलं रूळ बसवला असेल." इतिवृत्तात त्याचे झाले, 'एका सदस्याने वेगळे मत मांडले.'

कलम ५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. मंडळाने फुलांचे चक्र आणू नये. गुरुजींना भाषण आवरणार नाही, म्हणून त्यांना दुपारनंतर कळवावे.

कलम ६. घरामागची सव्वा गुंठ्याची पट्टी.

आधी मी असे लिहिले होते की माझ्यामागे तीस दिवसांत रूळ उखडून भंगारात घालावेत. माझ्या गँगमधला सुरगाण्याचा देवराम भोये भेटीला आला होता, त्याला वाचून दाखवले. तो खूश झाला. "तीस दिस कशाला, मुकादम? आपुन दोघं आताच उपटू." आम्ही पहार घेऊन परसात गेलोही. पहिला खिळा मी उपटला. दुसऱ्याला पहार लावली आणि हात चालेना. मी जन्मभर खिळे ठोकले आहेत, खिळा ठोकणाऱ्याचा हात तसा वळत नाही. देवरामने पहिला खिळा परत बसवला.

म्हणून तो कागद फाडला. ही पट्टी मी निसार महेबूब मणियार याला कायमची, मालकीहक्काने देतो. तिच्यावरून गाडी जाऊ द्यायची की नाही हे तो एकटा ठरवील. मंडळाने त्याला ठराव पाठवू नये. गुरुजींनी त्याच्या दारात जाऊन तोंडाने विचारावे. माझी एवढीच अट आहे.

तो हो म्हणेल हे मी आजच लिहून देतो. अपघातानंतर महिन्याभरातच तो लंगडत गुरुजींना ईदचा शिरखुर्मा देऊन आला. मी संतापलो तर म्हणतो, "जाऊ द्या ना चाचा, म्हातारा माणूस आहे." मी काय तरणा आहे? गेली दोन वर्षे मी गुरुजींना माफ करून पाहिले. त्यांचा चेहरा दिसला की सगळे मुसळ केरात. मला ते जमणार नाही, आणि आता दिवसही उरले नाहीत. पण गाडी चालावी असे मला वाटते. माझ्या हातून जे होणार नाही ते निसारच्या हातून व्हावे, म्हणून पट्टी त्याला.

हे सर्व देवरामला व शेजारच्या लताबाईंना वाचून दाखवले. दोघांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत लताबाईंनी सही व देवरामने अंगठा केला.

सही : कारभारी पुंजाराम दोंदे

साक्षीदार :
१. लताबाई रामचंद्र गांगुर्डे, प्राथमिक शिक्षिका, शेजारी
२. देवराम लक्ष्मण भोये, सेवानिवृत्त गँगमन, मु. सुरगाणा. निशाणी डाव्या हाताचा अंगठा

ठिकाण : नाशिक
दिनांक : १४ नोव्हेंबर १९८८