शालनचा टाक

१० ऑक्टोबर २००१

शाळेनं आता पोरांचा सोडून आईबापांचाच अभ्यास घ्यायचं ठरवलेलं दिसतंय. अंबिकाला दिवाळीच्या सुट्टीचा प्रकल्प मिळालाय — घराण्याचा वृक्ष. मोठ्या कार्डशीटवर काढायचा, चार पिढ्या तरी पाहिजेत.

ह्यांनी जेवताजेवता घडाघडा सांगितलं. पिराजी, पिराजीचा केरबा, केरबाचा गुंडू, गुंडूचा मी जोतीराम. झालं, उठले हात धुवायला. अंबिका पेन्सिल चावत म्हणाली, "आणि ह्यांच्या आया?"

"आया असणारच की. त्याशिवाय झाले काय?"

आत्ती ताटावरनंच बोलल्या, "माझं घाल. तानाबाई. मोठ्या अक्षरात घाल." सासू असली तरी हसू आलं मला.

खालचा चौकोन पोरीनं आधीच काढून ठेवलाय. अंबिका. वर वडील जोतीराम, शेजारी आई — शालन. सुबक अक्षर, शाईनं. बाकी सगळं पेन्सिलनं आहे. बरोबरच आहे म्हणा. आईचं नाव कोण पेन्सिलनं लिहील?

मी ताटं उचलली.

११ ऑक्टोबर

ही वही ब्लाऊजच्या मापांची. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून मी. पुढची पानं भराभर संपतात, मागची रेंगाळतात.

तीन वर्षं झाली या घरात येऊन. शालनला काविळीनं नेलं, दोन वर्षांनी मी आले. अंबिका तेव्हा आठ वर्षांची, आता अकराची. मला ती कशानंच हाक मारत नाही. "ऐका की", "अहो", नाहीतर नुसतं मशीनसमोर येऊन उभं राहायचं. मी कधी मागितलं नाही. मागून आणायला ते काय विरजण आहे?

१५ ऑक्टोबर

परवा घट बसणार म्हणून देव घासायला काढले. आत्तींनी चिंच कोळून दिली, मी आणि अंबिका घासत होतो. चांदीचे टाक सगळे सारखेच दिसतात काळे पडले की. पण एक हातात आला आणि बोटं थांबली. वर कडी होती.

मी हुपरीची. आमच्याकडं बायका सकाळी चूल करतात आणि दुपारी पैंजणाच्या कड्या जोडतात, मला चांदी डोळे झाकून कळते. देवातल्या टाकाला कडी कशाला? तो काय कुठं लटकवायचाय? पालथा करून बघितला तर पाठ गुळगुळीत. घासून झालेली नव्हे, अंगावर वापरून झालेली. समोरून एक बाई. नाक पार झिजलेलं, अंबाडा तेवढा शाबूत.

"आत्ती, हा कुठला देव?"

"देव न्हाय त्यो. धोंडुबाई हाय. माझ्या सासऱ्याची पहिली बायको."

तीन वर्षं मी रोज त्या टाकाला फूल वाहत होते, यल्लम्मा समजून.

अंबिकाचे डोळे एवढे झाले. आत्तींनी तिला सांगितलं — बायको मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली की दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. म्हणजे पहिली रुसत नाही, त्रास देत नाही. धोंडुबाईचा टाक चिमणाबाईनं घातला. ही आत्तींची सासू. त्रेपन्न वर्षं घातला. ती गेली तेव्हा गळ्यातनं काढून देवात ठेवला.

अंबिका घासायची थांबली. "मग माझ्या आईचा टाक कुठं हाय?"

आत्तींनी माझ्याकडं बघितलं नाही, पण आवाज माझ्याच दिशेनं आला. "हिच्या गळ्यातनं तुटून पडला की. जोतिबाच्या यात्रेत."

मी चिंचेचं पाणी मोरीत ओतलं.

१६ ऑक्टोबर

पडला नाही.

लिहूनच टाकते, दुसरीकडं कुठं बोलायची सोय नाही. हळद फिटायच्या आधी आत्तींनी तो टाक काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधला. मला एकोणतिसाव्या वर्षी कसंबसं स्थळ मिळालेलं, त्यात ही मेलेली बाई छातीवर. वाकलं की पुढं यायची. आरशात बघावं तर आधी ती दिसायची. दीड महिना सोसलं. मग यात्रेचं निमित्त साधलं. घरी सांगितलं पडला, आणि माहेरी गेले तेव्हा दादाच्या पुढ्यात टाकला — वितळव म्हटलं. त्यानं दोनदा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. माझ्या डोळ्यांदेखत मुशीत गेला. थोडी भर घालून त्यानं मला जोडवी करून दिली.

तीच पायात आहेत.

त्या दिवशी मी जिंकल्यासारखी एसटीत बसले होते. लाज वाटत नव्हती. आज वाटते, आणि कशानं वाटते तेच कळत नाही. एका झिजक्या नाकानं?

२६ ऑक्टोबर

दसरा. अंबिकानं सगळ्यांना सोनं दिलं. मला शेवटी, पण दिलं.

३१ ऑक्टोबर

आत्तींना मी आता सोडतच नाही. भाजी निवडायला बसल्या की मी सुईदोरा घेऊन शेजारी. चिमणाबाई कशा होत्या, काय खायच्या, कशावर चिडायच्या. आत्ती म्हणाल्या, "तुला काय खूळ लागलंय गं?" पण सांगतात. आजवर कुणी विचारलंच नसणार.

आजचं तसंच्या तसं उतरवते.

"अकरा वर्षांची पोर. पदर बी आला न्हवता. हळदीच्या अंगानं गळ्यात टाक बांधला आणि सांगितलं काय, तर ही बघतीया हं तुझ्याकडं. पोर भ्यानं झोपायची न्हाय."

अंबिका कार्डशीटवर वाकलेली. मान वर करून म्हणाली, "अकरा? माझ्याएवढी?"

"तुझ्याएवढी. तुझ्यापेक्षा बुटकी असंल."

"मग काय केलं तिनं?"

"काय करतीया? किती दिस भ्यायचं? म्हायेर लांब, सासू तोंडाची तिखट, नवरा बापाच्या वयाचा. बोलायचं कुणासंगं? जात्यावर बसली की टाक हातात धरायची आणि हिच्यासंगंच बोलायची. धोंडाक्का म्हणायची. मी नवी नवरी हुतो तवा मला वाटायचं म्हातारी खुळी हाय. पोरं लई गेली तिची. पोर गेलं की टाकाला सांगायची, धोंडाक्का, तुझ्याकडं धाडलंय, बघ जरा."

मेथी निवडून झाली होती तरी आत्ती काड्या चाळवत बसल्या.

मला तो टाक म्हणजे गळ्यातला धोंडा वाटला होता. ती पोर त्यालाच मैत्रीण करून बसली. मी तिच्याहून अठरा वर्षांनी मोठी होते आणि मला दीड महिना जमलं नाही.

१६ नोव्हेंबर

भाऊबीज, हुपरीला. ओवाळून झाल्यावर दादाला हळूच विचारलं, तुला तो टाक आठवतो? चेहरा कसा होता? एखादा छाप, कागदावर काही?

"वितळल्याली चांदी परत तोंड दाखवती काय गं?"

वहिनीनं कान टवकारले म्हणून गप्प बसले. दीड महिना तो चेहरा माझ्या छातीवर होता आणि मी एकदा धड बघितला नाही.

१९ नोव्हेंबर

गडहिंग्लजला जाऊन आलो. मी आणि अंबिका. ह्यांचं मूळ गाव नेसरी, तिथल्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी कचेरीत मिळतील असं कुणीतरी म्हणालं. सगळं मोडीत. मोडी वाचणारे एक म्हातारे गुरुजी ह्यांच्या ओळखीनं आले, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. बासनं सोडली आणि धूळ अशी की अंबिका दहा वेळा शिंकली.

दोन तासांनी सापडलं. गुरुजींनी बोट ठेवून वाचलं — "सन एकोणीसशे एकोणीस. केरबा पिराजी याची बायको. वय एकोणीस. बाळंतरोग." खालच्याच ओळीत, "केरबा पिराजी याची मुलगी. वय चार दिवस."

"नाव?" मी विचारलं.

"हाय की. केरबा पिराजी."

"तिचं हो, गुरुजी."

त्यांनी पुन्हा वाकून बघितलं. खरंच बघितलं बिचाऱ्यांनी. "न्हाय बा. बायकांचं न्हाय लिवलेलं."

मग मला चटकच लागली. पुढची वीस वर्षं वाचून घेतली. केरबा पिराजी याची मुलगी, वय एक महिना. केरबा पिराजी याचा मुलगा, वय दोन वर्षे, देवी. मुलगी, वय एक दिवस. अंबिका वहीत रेघा मारत होती. सात झाल्या. सात वेळा जात्यावर बसून त्या बाईनं "तुझ्याकडं धाडलंय, बघ जरा" म्हटलं. सरकारदरबारी ती सगळी केरबाची. बाळंत जणू केरबाच झाला.

येताना एसटीत अंबिका खिडकीशी बसली. निम्म्या वाटेत म्हणाली, "धोंडुबाईचं नाव कुठंच न्हवतं. टाक नसता तर आजीला तरी म्हाईत असतं काय?"

"नसतं."

"मग आईचा टाक पडला, तवा तुम्ही शोधला न्हाय?"

कंडक्टर तिकिटं विचारत आला, म्हणून मी वाचले. एवढी मी धीट.

२१ नोव्हेंबर

दुपारी ट्रंक उघडली. शालनचं एकच ब्लाऊज राहिलंय, मोरपंखी. टेबलावर पसरून माप घेतलं. छाती बत्तीस, उंची साडेतेरा, बाही आठ, मुंढा साडेसात. डावा खांदा जरा उतरता शिवलेला, म्हणजे खांदा तसाच असणार. काखेत दोनदा उसवून सैल केलंय, टाके हातानं घातलेत. अंबिकाच्या वेळचं असेल.

वहीच्या पुढच्या भागात लिहिलं. गिऱ्हाइकाचं नाव: शालन. तीन वर्षं या बाईचा राग केला आणि तिचा खांदा उतरता आहे हे आज कळलं.

वृक्ष पुरा होत आलाय. केरबाच्या शेजारी दोन चौकोन, धोंडुबाई आणि चिमणाबाई, दोन्ही शाईनं. पिराजीच्या शेजारी प्रश्नचिन्ह. ह्यांच्या शेजारी शालन, आणि तिच्या पलीकडं रिकामी जागा. चौकोन आखलाय पेन्सिलनं. आत काही नाही.

मला तिथं यायचंय. खोटं कशाला लिहू? यायचंय. पण सांगितल्याशिवाय नाही.

२४ नोव्हेंबर

सांगितलं.

मशीनवर बसले होते, ती काजबटणाला हात लावायला आली होती. म्हटलं, "अंबिका, टाक पडला नव्हता. मी मोडला. रागानं. वितळवून ही जोडवी केली."

तिनं माझ्या पायांकडं बघितलं. मग बटणं डबीत ठेवली, झाकण नीट लावलं आणि बाहेर गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

आत्ती दारातच होत्या, मी बघितलं नव्हतं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. पण हळूच बोलल्या. "गळ्यात घालायची बाई तू पायात घातलीस व्हय."

मी खाली बसून जोडवी ओढायला लागले. बोटं सुजल्यागत, निघेनात.

"ऱ्हाऊ दे," आत्ती म्हणाल्या. "काढून आता कुठं ठेवणार हाईस?"

२५ नोव्हेंबर

अंबिका बोलत नाही.

२६ नोव्हेंबर

नाही. ह्यांनी विचारलं, काय झालंय दोघींचं? मी सगळं सांगितलं. हे चपला घालून रंकाळ्याकडं गेले, तासाभरानं आले आणि चहा मागितला. शालन त्यांची बायको होती हे मीच विसरत आले होते.

२९ नोव्हेंबर

पाय जमिनीवर टेकवायची चोरी झालीय. चालताना अलगद टाकते. मशीनचं पायडल मारताना जोडवी लोखंडावर वाजतात, तर कापडाची चिंधी गुंडाळून बसते. आत्ती बघून म्हणाल्या, "शालन काय काचंची न्हवती. दोन दोन घागरी आणायची नळावरनं." पहिल्यांदा त्या तिच्याबद्दल माझ्याशी असं सहज काही बोलल्या.

मग मी विचारलं, आणखी कशी होती? जेवणं थांबली, इतकं सांगितलं त्यांनी. तिखट खायची. हसताना तोंडावर पदर घ्यायची, पुढचा दात पडका होता. पोरीला "अंबू" म्हणायची.

आतल्या खोलीत पुस्तकाची पानं उलटायचा आवाज बंद झाला होता. ऐकत होती.

२ डिसेंबर

उद्या शाळा सुरू. कार्डशीट गुंडाळून दोरा बांधून कोपऱ्यात ठेवलीय. सोडून बघावीशी वाटली. नाही बघितली.

३ डिसेंबर

सकाळी दप्तर पाठीला, गुंडाळी काखेत. आत्तींच्या पाया पडली, नेहमीसारखी. मग माझ्याकडं आली. आजवर कधी आली नव्हती. वाकली. आधी एक बोट जोडव्यावर ठेवलं, नुसतं ठेवलं, चांदी गरम आहे का बघावं तसं. मग अख्खा तळहात माझ्या पायावर. कपाळाला लावला.

"आई, येते गं."

कुणाला म्हणाली, ते मी विचारलं नाही.