नऊ वाजता वर जाणारा पेपर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर सध्या वाकत नाही, तेव्हा तो कागदावरच पोचला असं समज. का वाकत नाही ते पुढे येईल.) तुझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता तुला भिंतीवरचे डाग स्पष्ट दिसू लागलेत, हे तुझ्या सुनेकडूनच कळलं. तिच्या आवाजावरून तुझी तब्येत चांगलीच सुधारलेली दिसते. फोन असताना हा पत्र कसलं लिहितोय, असं म्हणशील. पण ज्यात तुझा चेहरा दिसतो आणि हल्ली माझे सगळे फोन ज्यावर येतात, तो टॅब सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच माझ्या घरात नसतो. तो वर, घड्याळजींकडे असतो.

घड्याळजी तुला आठवतील. आमच्या डोक्यावरच्या घरात राहतात. तू दुरुस्तीला दिलेलं घड्याळ परत देताना, "बाई, हे बिघडलेलं नव्हतं, चावी द्यायची राहिली होती," असं ज्यांनी चारचौघांत सांगितलं, तेच. एकतीस वर्षं आमच्या दोन घरांत मिळून एकच पेपर. साडेसहा ते नऊ माझा, नंतर त्यांचा. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे हातात लाल पेन्सिल असल्याशिवाय मला पेपर वाचता येत नाही. म्हणजे वर जायचा तो दुरुस्त होऊनच. मी तापाने पडलो होतो तेव्हा एकदा तो तसाच गेला, तर आजच्या बातम्या खऱ्या वाटत नाहीत असा वरून निरोप आला. शिवाय तुझी भावजय मधल्या वेळात त्यातले विणकामाचे नमुने कापून घ्यायची. (कागदाच्या मागच्या बाजूला काय छापलंय हे तिने जन्मात कधी बघितलं नाही. एका निवडणुकीचा निकाल घड्याळजींना आठवडाभर कळला नव्हता.) खिडक्या पडलेला तो पेपर त्यांनी वर्षानुवर्षं तक्रार न करता वाचला. ती गेल्यानंतर मी पहिल्यांदा पेपर वर नेला, तेव्हा त्यांनी तो उलगडून पाहिला आणि म्हणाले, "आज पूर्ण आहे." ताई, त्या सकाळी मला जेवढं रडू आलं तेवढं ती गेली त्या दिवशीही आलं नव्हतं.

तर मागच्या खेपेला तुझ्या भाच्याने पेपर बंद केला. जगातले सगळे पेपर यात आहेत म्हणून टॅब माझ्या हातात ठेवला आणि विमान गाठलं. तो चालवायचा कसा हे त्याने चार वेळा सांगितलं. नऊ वाजता वर न्यायचा नाही, हे एकदाही सांगितलं नाही. मी नेला. लाल पेन्सिलही चालवली. (काचेवर ती उमटते, पण पान सरकलं तरी खूण जागची हलत नाही. एका मंत्र्याच्या भाषणातली चूक घड्याळजींना दिवसभर हवामान आणि निधनवार्तांवर दिसत होती.) खरा घोटाळा पुढेच. मुलाचे फोन यायचे दुपारी, म्हणजे वर. वाजणारी वस्तू उचलणं हे घड्याळजी कर्तव्य समजतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला, पेपरमधून तुमचा मुलगा बोलला, असं गंभीरपणे कळवलं. महिनाभरात नातीने त्यांचं नाव वरचे आजोबा ठेवलं, त्यांनी तिला घड्याळ बघायला शिकवलं आणि सूनबाई पाठदुखीवर त्यांचा सल्ला घेऊ लागली. संध्याकाळी मी फोन केला की तिकडे जांभया, कारण सगळं बोलून झालेलं.

पंधरवड्यापूर्वी सकाळी मी न्हाणीघरात घसरलो. हाड मोडलं नाही, पण उठता येईना आणि हाकेला ओ द्यायला घरात कोण आहे? सव्वानऊला बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला. पेपर वर आला नाही म्हणून घड्याळजी खाली आले होते. गुडघ्यांपायी हा माणूस दोन वर्षांत जिना उतरलेला नाही. बावीस पायऱ्या ते बसत बसत उतरले, आमची जादाची किल्ली दातांत धरून. त्यांनी मला कसंबसं बसतं केलं, आणि मग आता दोघांना कोण उठवणार या विचारात आम्ही अर्धा तास तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिलो. मुलाला यातलं अक्षर कळता कामा नये, असं मी त्यांना बजावलं. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दुपारी फोन आला आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं, मी किती मिनिटं पडून होतो त्यासकट.

आता मुलगा महिनाअखेरीला येतोय. घर बंद करून मला कायमचा घेऊन जाणार म्हणतो. मी घड्याळजींशी अबोला धरला आहे, आज नववा दिवस. टॅब रोज नऊला वर नेऊन देतो, पण शब्द बोलत नाही. तेही शब्द न बोलता घेतात. एकतीस वर्षांच्या शेजाऱ्याने असा दगा दिल्यावर इथे राहण्यात राम नाही, म्हणून मीही जायचं ठरवलं आहे. बाकी इकडे ठीक. डोळ्यांना जप, सुनेला जरा सवड दे.

तुझा,
धाकटा

ता. क. : जायचं ठरवलं असं वर लिहिलंय ते रागाच्या भरात. मला जायचं नाही. मुलगा माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. त्याच्या पाठीत धपाटा घालण्याची हिंमत आपल्या घरात तू एकटीनेच केली आहेस. पत्र मिळताच त्याला फोन कर.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवायच्या आत नऊ वाजले म्हणून वर जाऊन आलो. अबोला मीच मोडला. असं का केलंत, म्हणून विचारलं. ते म्हणाले, "पुढच्या वेळी मला उतरता आलं नाही तर?" मी म्हटलं, आणि मी गेल्यावर तुमच्याकडे वर कोण येणार? त्यांनी टॅब घेतला, सदऱ्याच्या बाहीने काच पुसली आणि म्हणाले, "मी वाचणं सोडून देईन."

तेव्हा ताई, मुलाशी बोलताना माझ्या कंबरेचं काही काढू नकोस, या माणसाचं सांग. आणि तो काय म्हणाला ते कळवायला मला पाचच्या आत फोन करू नकोस. ते उचलतील, आणि मला मुलाकडे पाठवायलाच हवं, असं तुलाही पटवतील.