सासूबाईंचा सीटी स्कॅन चार बोटे खालपर्यंत घेण्याबाबत

प्रति,
माननीय वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : सासूबाईंचा सीटी स्कॅन चार बोटे खालपर्यंत पुन्हा घेण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : सीटी विभागाच्या खिडकीवरून काल मिळालेले तोंडी उत्तर, "वरून सही आणा."

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझ्या सासूबाई स्त्रियांच्या कक्षात खिडकीजवळच्या खाटेवर दाखल आहेत. पोट फुगले आहे, हिरवी उलटी होते, नाकातून नळी घातली आहे. आतडे अडकले आहे, हे सर्वांना मान्य आहे. कुठे, ते कळलेले नाही.

२. त्यांची कळ पोटातून निघून मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत जाते. गुडघा हा शब्द तोंडातून निघाला मात्र, आमची रवानगी हाडांच्या विभागात झाली. गुडघ्याचा एक्स-रे उत्तम आला. त्याबद्दल मी त्या विभागाची आभारी आहे.

३. मग सीटी झाला. कक्षातल्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाकडे धरून मला दाखवली. फुगलेले आतडे खाली खाली येते, कमरेच्या हाडापाशी पोचते, आणि तिथेच फोटो संपतो. त्यांच्या मते हा हर्निया आहे. हाडातल्या फटीतून आतडे मांडीकडे उतरून अडकले असणार. तो बाहेरून हाताला लागत नाही, सीटीतच दिसतो. परंतु मंजुरीच्या कागदावर "पोट" एवढेच लिहिले होते, म्हणून यंत्रावरच्या दादांनी पोट संपताच यंत्र थांबवले. "ताई, मांडी या कागदात बसत नाही," म्हणाले. त्यांचा दोष नाही. मागे कुणाचे तरी जास्तीचे काढले, तर त्यांचीच चौकशी लागली होती.

४. सर्जनसाहेब म्हणतात, जागा कळली तर लहान चीर पुरेल. न कळता सगळे पोट उघडले तर यांचे हृदय तग धरणार नाही. अहो साहेब, एवढं मोठं यंत्र, आणि अडलंय कुठे, तर चार बोटांवर!

५. खिडकी मला कार्यालयात पाठवते. कार्यालय म्हणते, मांडीसाठी हाडांच्या विभागाची शिफारस आणा. हाडांचा विभाग म्हणतो, गुडघा उत्तम आहे. मी कुणाच्या पाया पडायचे ते सांगावे, पडते. घरी सासूबाईंच्या आवाजाला शेजारीसुद्धा वचकून असतात. इथे त्या म्हणतात, "राहू दे गं, त्यांना कशाला त्रास."

६. आज सकाळी त्यांचे दुखणे एकाएकी थांबले. मला इतका आनंद झाला की शेजारच्या खाटेवरच्या बाईंना मी चहा आणून दिला. डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला, मला बाहेर बोलावले आणि सांगितले की दुखणे असे थांबणे चांगले नसते, आतडे मरू लागले असेल, अर्ज आत्ताच्या आत्ता लिहा. कागदही त्यांनीच दिला. सासूबाईंना हे सांगितलेले नाही. बरं वाटतंय म्हणून त्या माझ्याकडे घरी न्यायचा हट्ट धरून बसल्या आहेत.

आपण बैठकीत आहात असे कळते. मी दाराबाहेरच्या बाकावर आहे. सही उभ्याउभ्या केली तरी चालेल.

आपल्या दारात बसलेली,
खिडकीजवळच्या खाटेची सून

दिनांक : आजचाच. कृपया उद्याचा शेरा मारू नये.

सोबत :
१. सीटीची फिल्म (खालून अपुरी)
२. गुडघ्याचा एक्स-रे (उत्तम)