टाकाला पॉलिश

२१ ऑक्टोबर १९५६, रविवार
पिंगळी स्टेशनवर उतरलो. घ्यायला कोणी नाही. कामात असतील. ट्रंक डोक्यावर घेऊन घरी आलो. व्यायाम झाला.
पुढच्या रविवारी जिंतूरकडचे वैजीनाथराव मला बघायला येणार. मुलगी चौथी पास. स्थळ गोजरमावशीनं जमवलं. सावत्र आई असून जमवलं! माझ्या हैद्राबादच्या नोकरीचं वजन. गावात मी हाटेलात मॅनेजर म्हणून सांगितलंय. भांड्यांचं सगळं खातं माझ्याकडंच, म्हणजे मॅनेजरच की.
जेवताना पहिली भाकर मला. तूप मला. मावशीच्या पोटच्या सुग्रीवला कोरडी. बरोबरच आहे. तो नांगर हाणतो.
घर मात्र लय घाण. निश्चय : आठ दिवसांत घर हाटेलासारखं चकाचक. सोडा नाही, साबण नाही. राख, चिंच, रिठे, चुना. सगळं घरचं, फुकट, अंगाला अपाय नाही.

२२ ऑक्टोबर
पहाटे उठायचं ठरलं होतं. ऊन वर आल्यावर उठलो. रिठे उकळले. फेस फस्टक्लास. थोडा वडलांच्या, आबांच्या, डोळ्यात गेला. दिवसभर डोळा धरून बसले. रिठ्यानं अपाय होत नाही. डोळा आधीच अधू असणार.

२३ ऑक्टोबर
चिंच संपली. वर्षाची होती म्हणे. पण तांब्याचा हंडा असा निघाला की सूर्य! बाकीची भांडी सुग्रीवनं शेतातून आल्यावर राखेनं घासली. मी देखरेख केली. त्याच्या हाताला सफाई नाही.

२४ ऑक्टोबर
चुना. मावशी म्हणाली, दोन दिवस भिजू दे, मग भिंतीला लाव. एवढी फुरसत कुणाला? हाताला फोड आले. भिंत निम्मी झाली. निम्मी भिंत डिझाईनसारखी दिसते.

२५ ऑक्टोबर, दुपार
आज मुख्य गोष्ट ध्यानात आली. मावशीच्या गळ्यातला टाक काळा पडलाय. चांदीचा, रुपयाएवढा, त्यावर माझ्या मेलेल्या आईचं तोंड. पहिली मेली की तिचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा, अशी रीत. मावशी रोज त्याला हात जोडते, त्याच्यासमोर घास ठेवते, मग जेवते. मला आई आठवत नाही. टाकावर बघितली तेवढीच. नाक माझ्यासारखं.
पाहुणे काय म्हणतील? मावशीला टाक मागितला. ती घाबरली. म्हणाली, लग्न झाल्यापासून काढला न्हाई रे, ती बघतीय. मी म्हणालो, बघू दे की, तोंड उजळून देतो. आबा एक डोळा झाकून म्हणाले, पोरा, नको. पण आई माझी, हक्क माझा. घेतलाच.

संध्याकाळी
राखेनं भागेना. विटेचा चुरा केला आणि टाक पाट्यावर ठेवून रगडला. असा चमकला की त्यात माझं तोंड दिसायला लागलं! आईचं मात्र दिसेना. आधी नाक गेलं, मग डोळे. सोनारानं पत्रा पातळ वापरला, दुसरं काय.
मावशीनं टाक दारातल्या उजेडात नेला. उलटा केला, सुलटा केला. म्हणाली, डोळे कुठं गेले हिचे? घासण्यात गेले म्हणालो. रडली नाही. उलट जराशी हसली. काम पसंत पडलं असावं.

२६ ऑक्टोबर
पहिली भाकर सुग्रीवला. चुकून झालं असेल. मला तूप नाही. संपलं असावं. सुग्रीवच्या भाकरीवर चमकत होतं ते तेल असणार.

२७ ऑक्टोबर
मावशीनं माझ्या ट्रंकेतला नवा सदरा काढून सुग्रीवला घालून बघितला. माप बघायली असेल.

२८ ऑक्टोबर, रविवार
पाहुणे आले. मावशीनं मला मागल्या दारी भांड्यांना बसवलं. ऐन वेळी चमक पाहिजे, आणि ते माझ्याशिवाय कुणाला जमणार? सदरा नंतर घालू म्हटलं.
आतून आवाज आला. वैजीनाथरावांनी विचारलं, नवरदेव हाच का? मावशी म्हणाली, हाच की, आमचा सुग्रीव. थोरला एक हाय, पण त्याचं काई खरं न्हाई, हैद्राबादला उष्टी काढतो.
हे तिला कसं कळलं?
पाण्याचा तांब्या घेऊन आत गेलो. वाटलं, मला बघितल्यावर उलगडा होईल. वैजीनाथरावांनी तांब्या फिरवून बघितला आणि म्हणाले, गडी लय झ्याक घासतो हो. सालानं ठेवलाय का?
मावशी म्हणाली, न्हाई, सणापुरता आलाय.
आबा खाली बघत होते. डोळा दुखत असणार. सुपारी फुटली.

२९ ऑक्टोबर
मावशीला जाब विचारला. ती भाकरी थापायली होती, थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, मुंजाजी, तुझी माय इतकी वर्षं माझ्या छातीवर बसून बघत होती. तिच्या धाकानं पहिली भाकर तुला, तूप तुला, पहिलं स्थळ तुला. माझ्या लेकराला कोरडं घातलं. तूच तिचे डोळे काढलेस बाबा. लय उपकार झाले.
मी म्हणालो, परभणीच्या सोनाराकडून नवीन तोंड उठवून आणतो. आत्ता जातो.
म्हणाली, राहू दे. आता गळ्याला हलकं लागतंय.

१ नोव्हेंबर, पिंगळी स्टेशन
उद्या लक्ष्मीपूजन, पण हाटेलाला माझी गरज आहे. आजपासून हैद्राबाद स्टेट मोडलं म्हणे. गाव मुंबई राज्यात, माझी नोकरी परराज्यात. फॉरिनच म्हणायचं.
पोचवायला कोणी आलं नाही. मावशी दारातूनच म्हणाली, तुळशीचं लगीन झालं की सुग्रीवचा बार उडवायचा हाय, दोन दिवस आधी ये, भांडी तुझ्याच हातची पाहिजेत. म्हणजे माझ्यावाचून अडतंच.
गाडीला वेळ आहे. बांधून दिलेली भाकर सोडली. उलटी केली, सुलटी केली.
प्रवासात कपड्याला लागतं म्हणून तूप लावलं नसावं.