निळ्या स्वेटरची दुमड बाकी आहे

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शाळेतली निवृत्त विणकामशिक्षिका, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवते. बोटे तेवढी ठिकाणावर नाहीत, म्हणून अक्षर वाकडे आले आहे.

१. राहत्या दोन खोल्या मुलीला द्याव्यात. गॅलरीच्या दाराची कडी जावयाने दुरुस्त करावी. सहा वर्षे तो "या रविवारी नक्की" म्हणतो आहे.

२. बँकेत असेल ते मुलगा आणि मुलगी यांनी सारखे वाटून घ्यावे आणि माझ्या माघारी तोंडे वाकडी करू नयेत.

३. विणकामाच्या सगळ्या सुया सुनेला. स्वेटरच्या खालच्या दुमडीची आतली पट्टी एक नंबर बारीक सुईने विणावी, म्हणजे कड फुगत नाही. जिथे घडी हवी तिथे एक ओळ उलट टाक्यांची घालावी. मुलीला हे सतरा वेळा सांगितले. तिने या कानाने ऐकले आणि त्या कानाने सोडले.

४. धाकट्या बहिणीला काहीही ठेवत नाही. ठेवले तर, वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे, तिने साक्षीदार होणे बरे नाही, आणि मला ती साक्षीला हवी आहे.

नऊ वर्षांपूर्वी तिने माझ्या नातीसाठी स्वेटर विणला. दुमड आत वळवून शिवताना प्रत्येक टाका बरोबर त्याच्या समोरच्या टाक्याला जोडायचा असतो. तिचा पहिलाच टाका एक घर सरकला आणि सगळी कड पिळली. "आतून कोण बघतंय, ताई?" ती म्हणाली. मी बघत होते. ती हात धुवायला गेली तेवढ्यात मी अख्खी दुमड उसवली. तिने ते पाहिले, पर्स उचलली आणि निघून गेली. तेव्हापासून अबोला आहे. टाका तिचा चुकला, पण वागायला मी चुकले. हे कबूल करायला मला नऊ वर्षे लागली. तिची आठवण येत नाही असा दिवस जात नाही.

५. तिच्या मापाचा निळा स्वेटर गळ्यापासून खाली विणत आणला आहे. माझी बोटे आता वळत नाहीत, म्हणून टाके सुईवरच आहेत. हा स्वेटर मृत्युपत्रात धरू नये; तो मला तिच्या हातात द्यायचा आहे. दुमड तिनेच घालावी. कशीही घातली तरी कोणी, विशेषतः मी, एकही टाका उसवू नये.

शेजारचे शिंपीकाका हे वाचून म्हणाले, "अहो बाई, तुम्ही गेल्यावर हे वाचून ती काय करणार? द्या इकडे, मी आत्ताच नेऊन दाखवतो." म्हणून कागद त्यांच्याबरोबर जातो आहे. ती आल्याशिवाय मी सही करणार नाही.

ठिकाण: माझी पुढची खोली
लिहिले: १२ नोव्हेंबर. सही केली: १४ नोव्हेंबर.

सही: निवृत्त विणकामशिक्षिका

साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपीकाका

साक्षीदार दुसरी: धाकटी बहीण. सही माझ्यासमोर झाली. दुमडही घातली. दोन टाके सरकलेत. ताईने पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.